दप्तराची दुसरी कणगी

शेतकरी बंधूंनो, पुढील वर्षाचे सारे बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, हे आपणास कोणी शिकवावयास नको. घरात आग लागली, कीड पडली वा ओल शिरली, तरी पेरणी चुकू नये म्हणून जाणता शेतकरी थोडे बियाणे निराळ्या जागी, प्रसंगी भावकीत वा परगावच्या सोयऱ्याकडे ठेवीत असे. बियाण्याच्या बाबतीत हे शहाणपण दाखविणारे आपण आपल्या दप्तराच्या बाबतीत मात्र बेफिकीर राहतो, हे मला चिंताजनक वाटते.

गेवराई तालुक्याची उत्तर सीमा गोदावरीने आखलेली आहे. वर पैठणचे जायकवाडी धरण आणि खाली राक्षसभुवनासारखी नदीकाठची गावे. ऑगस्ट २००६ मध्ये व पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये धरणातून मोठा विसर्ग झाला, तेव्हा काठच्या गावांनी पुराचा अनुभव घेतला. अशा वेळी मनुष्य आधी मुलेबाळे व गुरेढोरे वाचवितो, आणि ते योग्यच आहे. फळीवरची पत्र्याची पेटी मागे राहते. त्या पेटीत वाटणीपत्र, कर्जफेडीच्या पावत्या व खताबियाण्यांची बिले असतात. अलीकडे त्यांत मोबाइल फोनची आणि गावच्या संस्थेतील संगणकाची भर पडली आहे. कागद भिजला तर निदान वाळविता येतो. संगणकाची तबकडी बिघडली तर वर्षांचा हिशेब एका क्षणात नाहीसा होऊ शकतो.

यावर उपाय आहे व तो फार खर्चाचा नाही. कागदाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि ते आंतरजालावरील दूरच्या साठवणीत ठेवावे. यासच संगणकाच्या भाषेत ऑनलाइन बॅकअप म्हणतात. गूगलसारख्या कंपन्या पंधरा गिगाबाइटपर्यंत जागा विनामूल्य देतात. एका कुटुंबाच्या महत्त्वाच्या कागदपत्रांस ती पुरून उरते. केंद्र सरकारची डिजिलॉकर ही सोय २०१५ पासून उपलब्ध आहे. शासकीय कार्यालयाने तिच्यातून दिलेला दाखला २०१६ च्या नियमांनुसार मूळ दाखल्यासारखाच ग्राह्य धरला जातो. आपण स्वतः चढविलेल्या छायाचित्रास मात्र तो दर्जा नाही, हे ध्यानात असावे.

कोणी म्हणेल, सातबारा तर आता सरकारच्याच संगणकात आहे. मग आम्ही काय जपावयाचे? सातबारा व फेरफार शासन जपते, हे खरे. परंतु बियाणे उगवले नाही तर तक्रारीस आधार लागतो तो खरेदीच्या पावतीचा, आणि ती पावती शासनाजवळ नसते. कपाशी पाण्याखाली गेली त्या दिवशी काढलेले छायाचित्रही आपल्याच फोनमध्ये असते. येथे एक सावधगिरी हवी: पावतीची प्रत ठेवली म्हणून मूळ पावती, पिशवी व तिच्यावरील टॅग टाकून देऊ नयेत. प्रत ही मुळाची सोबतीण आहे, सवत नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, आपले खाजगी कागद परक्याच्या हाती का द्यावेत? आक्षेप रास्त आहे. म्हणून परवलीचा शब्द कठीण निवडावा, तो कोणासही सांगू नये आणि फोनवर आलेला ओटीपी बँकेचे नाव सांगणाऱ्यासही देऊ नये. परंतु तोच शब्द घरातील एका विश्वासू माणसास ठाऊक असावा; नाहीतर कर्त्या पुरुषाच्या मागे कुलूप शिल्लक राहील आणि किल्ली हरवेल.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोनमधील छायाचित्रे आपोआप गूगलकडे जात असली, तरी फोनवर ‘पुसा’ म्हटल्यास ती तेथूनही पुसली जातात व साठ दिवसांनी कायमची जातात. दोन वर्षे न वापरलेले खातेही कंपनी काढून टाकू शकते. म्हणून एक प्रत घरी, एक पेनड्राइव्हवर व एक आंतरजालावर, अशा तीन जागा असाव्यात. वर्षातून एकदा, पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासतो त्या वेळी, ठेवलेली प्रत उघडून पाहावी. न उघडणारी प्रत म्हणजे न उगवणारे बियाणे होय.

ही केवळ व्यक्तीची जबाबदारी नाही. २०२२ साली केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांच्या योजनेद्वारे मान्यता दिली. मात्र संगणक येणे निराळे आणि हिशेब सुरक्षित होणे निराळे. ज्या सेवा संस्थेचे वा शेतकरी उत्पादक कंपनीचे खाते एकाच यंत्रात आहे, तिच्या सभासदांनी वार्षिक सभेत उभे राहून विचारावे की, दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती शेवटची केव्हा उघडून पाहिली? पुराच्या दुसऱ्या दिवशी हा प्रश्न विचारून उपयोग नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागली, तेव्हा जळालेल्या फायली इतर कार्यालयांतील प्रतींवरून पुन्हा जुळविण्याचे काम शासनास करावे लागले. जे राज्याच्या राजधानीत घडले, ते आपल्या गावी घडणार नाही असे कोण म्हणेल?

नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार बेटावर २००८ पासून जगभरच्या बियाण्यांचे राखीव भांडार आहे. सीरियातील अलेप्पोजवळ कोरडवाहू पिकांचे संशोधन करणाऱ्या इकार्डा संस्थेने आपल्या बियाण्यांच्या जोडप्रती तेथे ठेवल्या होत्या. युद्धामुळे मूळ संग्रह वापरणे अशक्य झाले, तेव्हा २०१५ साली तिने ती ठेव परत मागविली आणि लेबनॉन व मोरोक्को येथे पुन्हा पेरली. जे जगाने केले, तेच आपले वडीलधारे दुसऱ्या कणगीने करीत होते. येत्या पावसाळ्यापूर्वी आपली पेटी उघडावी, कागद उजेडात मांडावेत आणि दप्तरालाही दुसरी कणगी करून द्यावी, एवढीच विनंती.