खाडीचा सातबारा

मी घाटंजी तालुक्यातला. आमच्याकडून समुद्र दिसत नाही. कापूस दिसतो, तूर दिसते, सावकार दिसतो. मॅट्रिक झालो, मुंबईला आलो, गोदीत कंत्राटावर लागलो. ओहोटीला धक्क्याचे खांब उघडे पडायचे तेव्हा त्यांच्यावर खडबडीत, धारदार खपल्या दिसायच्या. मला वाटलं सिमेंट उखडलंय. टोळीतला म्हातारा हसला. म्हणाला, "येड्या, कालवं हायेत ती. जित्ती."

जित्ती. डिझेल आणि शहराचा गू पिऊन जित्ती. यावर कविता होते हे मलाही कळतं. पण दोस्तांनो, आज कविता नाही. आज शेतीचं बोलू.

कालवांची शेती होते. खाडीत, जिथं नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी एकमेकांत मिसळतं तिथं. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात भटकतं, मग कुठल्या तरी कठीण वस्तूला चिकटतं आणि जन्मभर तिथंच राहतं. शेती म्हणजे त्याला चिकटायला जागा देणं. रिकामे शिंपले दोरीत ओवायचे, माळ बांबूच्या मांडवाला नाहीतर तराफ्याला टांगायची. आठ-दहा महिन्यांत माल हाताशी येतो. खत नाही, खाद्य नाही. पाण्यातले बारीक जीव गाळून ते आपलं पोट आपण भरतं. पावसाळ्यात गोडं पाणी फार झालं की मात्र मरतं, तो हिशेब ठेवावा लागतो.

हे मी सुट्टीत घरी सांगितलं तेव्हा बापानं एकच प्रश्न विचारला. "त्याले फवारा कोणता मारा लागते?"

कोणताच नाही, बा.

हा प्रश्न यवतमाळचा बापच विचारू शकतो. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर विष फवारता फवारता वीसेक माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे मजूर होते. शेत त्यांचं नव्हतं, बोंड त्यांचं नव्हतं, विष तेवढं त्यांच्या वाट्याचं. म्हणून ज्या पिकाला जमीन लागत नाही, बी पाणीच देतं आणि फवारा माहीतच नाही, त्याची बातमी भूमिहीनाच्या पोरानं कान देऊन ऐकायची असते.

केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकात तुतिकोरीनला हे तंत्र बसवलं. १९९० च्या दशकात ते केरळात अष्टमुडीच्या पाण्यावर लोकांच्या हातात गेलं, बायांचे गट तिथं ही शेती करू लागले. आपल्याकडं सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पातून बचत गटांनी हात घातला. २०१७ ला राज्य सरकारनं कांदळवन संवर्धन आणि उपजीविकेची योजना काढली. तिच्यात खेकडे आले, शिणाणे आले, कालवंही आली. अनुदान आहे. योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. प्रत्येक सरकारी कागदाला न वाचता शिवी घालायची हा आपला जुना रोग आहे.

पण अनुदान गटाला मिळतं. गट गावात बनतो. गावात समिती असते. आणि गावची समिती म्हणजे काय, तिच्या सतरंजीवर कोण बसतं आणि दाराशी कोण उभं राहतं, हे तुम्हाला मी सांगायचं?

खाडीला सातबारा नाही. ती सरकारची. सरकारची म्हणजे सरकारात ज्याचा माणूस त्याची. कालवं काढणारी बाई ओहोटीला गुडघाभर चिखलात वाकते, खडकावरून लोखंडाच्या टोकानं एकेक सुटं करते, हातपाय कापून घेते. ती किती वर्षं काढते याचा कागद तिच्याकडं नाही. उद्या त्याच जागी कुणाच्या माळा टांगल्या गेल्या की ती चोर. कोकणानं खोत पाहिलेत. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती मोडायचं विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. जमिनीवरचे खोत गेले. पाण्यावरचे येऊ घातलेत. किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीचा २००५ चा कायदा २०२३ ला बदलला. शिंपल्यांची शेती त्यात घेतली, आणि कायदा मोडणाऱ्याचा तुरुंग काढून नुसता दंड ठेवला. दंड कोणाला परवडतो? कालवंवाल्या बाईला का कंपनीला?

खाण्याचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात लंडनचा गरीब माणूस कालवं खायचा, कारण ती स्वस्त होती. उपसून उपसून आणि गटारं सोडून सोडून ती संपत आली, मग ती साहेबाच्या टेबलावर गेली. आपण खातो तोवर घाण, तेच बर्फावर लिंबू पिळून आलं की सभ्यता. आपल्या ताटाची ही गोष्ट आपल्याला कोणी नव्यानं सांगायला नको.

आणि पाणी. २० मार्च १९२७ ला चवदार तळं कागदावर सगळ्यांना खुलं होतं. ओंजळ भरली म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली, मग गोमूत्र-शेण टाकून तळं शुद्ध करून घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब बोटीनं सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले आणि महाडला गेले. आज त्याच खाडीत महाडच्या कारखान्यांचं रसायन येतं, अशी तिथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. कालव जे पाणी गाळतं त्यातले जंतू, त्यातला धातू अंगात साठवतं. पाणी नासलं की शेती नासली, खाणारा आजारी. आमच्या ओंजळीनं बाटलेलं तळं शुद्ध करायला घागरी घेऊन धावले होते. ही खाडी शुद्ध करायला कोण धावतंय?

म्हणून मागायचं ते नेमकं मागा. जी बाई आजवर तिथं कालवं काढते तिच्या नावावर पाण्याचा तुकडा आधी. समितीत भूमिहीन बायांची जागा, आणि ती बोलायची जागा, अंगठ्याची नव्हे. पाण्याची तपासणी सरकारी खर्चानं, निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

यवतमाळच्या पोरांनी यातून भलतंच ऐकू नये म्हणून सांगतो. इसापूर, बेंबळा, अरुणावतीच्या गोड्या पाण्यात कालव जगणार नाही. गोड्या पाण्याच्या शिंपल्यात मोती करता येतो, भुवनेश्वरच्या संस्थेनं ते केलंय. पण शिंपला उघडून आत बीज बसवावं लागतं, वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं, बरेच मधेच मरतात. माझ्या मावसभावानं जाहिरात बघून फी भरली, दोन दिवस प्रशिक्षण घेतलं. शिंपले मेले, त्यांचा फोन बंद. आपल्या धरणांवरचा खरा सवाल म्हणजे तलावाचा ठेका कुणाकडं आणि मच्छीमार सोसायटीचा सभासद कोण. तिथं भोई-ढीवरांशी भांडू नका, ते आपल्यासारखेच उपाशी. त्यांच्या नावानं ठेका घेऊन मासळी उचलणारा कोण, त्याला शोधा.

मावसभाऊ पुढच्या महिन्यात मुंबईला येतोय, कामाला. ओहोटीची वेळ बघून त्याला धक्क्यावर नेईन, खांबावरची कालवं दाखवीन. आणि खायची नाहीत, हेही सांगीन.