काही न घडलेल्या दिवसांची बातमी

वर्ष सरत आले की मुक्त पत्रकारांत एक प्रघात दिसून येतो. वर्षभरात काय लिहिले आणि काय वाचले, याचा ताळेबंद ते वाचकांपुढे ठेवतात. आवडलेल्या पुस्तकांची यादी वाचक उतरवून घेतो. लेखांच्या यादीवरून मात्र त्याची नजर घसरते. वास्तविक या दोन याद्या शेजारी ठेवून वाचावयास हव्यात. लेखक कोणत्या गावी गेला, तेथे काय पाहावे हे त्याला कशामुळे सुचले आणि त्या प्रवासाचा खर्च कोणी सोसला, हे तिन्ही प्रश्न तेथे एकत्र येतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा कोणत्याच यादीत नसते.

पोलादपूर तालुक्यातील कुडपणचे उदाहरण घ्यावे. रायगड, सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमा जेथे जवळ येतात, तेथे सह्याद्रीच्या माथ्याशी हे गाव आहे. सिंहगडच्या मोहिमेतील शेलारमामांचे गाव म्हणून इतिहासप्रेमींना ते ठाऊक असते; ‘भीमाची काठी’ या धबधब्यामुळे अलीकडे सहलीला निघणाऱ्यांनाही. वृत्तपत्रांना मात्र हा सारा मुलूख आठवतो तो अनर्थ घडल्यावर. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातील जुई, दासगाव येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील पूल वाहून गेला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये दरडीखाली सापडले आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे गाडली गेली. प्रत्येक वेळी मुंबईहून वार्ताहर धावले, आणि चिखल वाळण्याच्या आत परतलेही.

या तारखांच्या मध्ये जी वर्षे गेली, त्यांत तेथे काहीच घडले नाही काय? एवढा पाऊस कोसळणाऱ्या डोंगरात उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. तरुण मुंबईच्या वाटेला लागतात. नाचणी-वरीचे उतार ओस पडतात. आजाऱ्याला घाट उतरवून दवाखान्यात नेणे हा एक प्रसंगच होऊन बसतो. यातले काही एका दिवसात घडत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या माणसाला पुष्कळदा जाहिरातीही मिळवून द्याव्या लागतात.

हे काम मराठीत कोणी केले असेल तर ते अनिल अवचट यांनी. वैद्यकाची पदवी घेऊन हा माणूस लिहिण्याकडे वळला. बिहारच्या दुष्काळी भागात जाऊन आल्यावर लिहिलेले ‘पूर्णिया’ १९६९ मध्ये निघाले, ‘माणसं’ १९८० मध्ये. हमाल, विडी कामगार, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे कोणतीही दुर्घटना घडण्याची वाट न पाहता ते गेले. त्यांच्यात बसले, कामाचे तास आणि हातात पडणारे पैसे विचारले, आणि जे ऐकले ते साध्या भाषेत मांडले. २७ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा या साधेपणाची स्तुती पुष्कळ झाली. त्यामागच्या अर्थव्यवहाराचा उल्लेख त्या मानाने कमी झाला. पत्नी डॉ. सुनंदा सरकारी मनोरुग्णालयात नोकरी करीत, त्यांच्या पगारावर घर चाले, आणि म्हणून अवचटांना लिहीत हिंडता आले. अवचटांनी हे कधी लपविले नाही. मराठीतील उत्तम वृत्तलेखनाचा एक मोठा भाग अशा रीतीने कोणत्याही वृत्तपत्राने नव्हे, तर एका गृहिणीने, आणि तीही नोकरी करणाऱ्या, पोसला आहे.

आता वाचनाच्या यादीकडे वळावे. कुडपणला जाणाऱ्याने प्रथम त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ वाचावा. १९१५ चे हे पुस्तक आज अनेक ठिकाणी पटणार नाही. पण गावात कोण कोणाचे देणे लागतो, हे विचारण्याची सवय ते लावते. रायगड जिल्ह्यातीलच वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून उत्तरेस गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले ते १९०७ मध्ये. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेल्याची त्यांची हकीकत मानधनाची वाट पाहणाऱ्या आजच्या लेखकास परकी वाटू नये. जोतीराव फुले यांच्या १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढची थांबविली, संपादकाच्या नकाराची परंपरा अशी जुनी आहे. महाडचे कॉ. रा. बा. मोरे यांची आठवणही यादीत हवी. अस्पृश्य म्हणून महाडच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला तेव्हा या अकरा-बारा वर्षांच्या मुलाने थेट वृत्तपत्राला पत्र लिहिले होते. त्यांचे आत्मकथन २००३ मध्ये पुस्तकरूपाने आले.

अशी पुस्तके वाचलेल्या माणसाला काय विचारावे ते कळते, परंतु एस.टी.चे तिकीट त्याने कोठून काढावे? पी. साईनाथ यांना १९९३ मध्ये एका वृत्तपत्रसमूहाची अभ्यासवृत्ती मिळाली. देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत ते हिंडले आणि त्या लेखांचे पुस्तक १९९६ मध्ये निघाले. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने ते मराठीतही आहे. म्हणजे दैनिकांना हे जमत नाही असे नव्हे. मराठी दैनिकांत अशी वृत्ती अपवादानेच मिळते. दिवाळी अंक थोडेफार मानधन देतात, काही तेही देत नाहीत, आणि लेखकानेही ते मागू नये असा संकेत आहे. शिक्षकाला किंवा कारकुनाला वर्षभर मानाखातर राबण्यास कोणी सांगत नाही.

कुडपणला पावसाळ्यात जाणारे पुष्कळ आहेत. एप्रिलमध्ये जाऊन आठवडाभर राहील, पुन्हा भातलावणीला आणि पुन्हा दिवाळीनंतर जाईल, अशा एका लेखकाचा वाटखर्च आणि तीन लेखांचे रास्त मानधन कोणत्याही मोठ्या दैनिकाला जड नाही. येत्या वर्षाचे अंदाजपत्रक आखताना चालकांनी आणि संपादकांनी ते त्यात धरावे.