देवपण नको, हातमोजे द्या

आपल्या समाजाची एक जुनी खोड आहे. ज्याचे देणे चुकवायचे असते त्याला आपण देवपण देतो. शेतकऱ्याला अन्नदाता म्हटले, मास्तरला गुरुब्रह्मा म्हटले आणि दवाखान्यात राबणाऱ्या बाईला सेवामूर्ती म्हटले. देवाला ताप येत नाही, देवाला सुई टोचत नाही. म्हणून एकदा देव ठरवले की खर्चाचा प्रश्न मिटतो. माझा राग आहे तो या देवपणावर.

१८९७ साल पाहा. मुंबई-पुण्यात प्लेगचे थैमान चालू होते. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा आला. कलमे चारच. शेवटच्या कलमात संरक्षण होते, पण कशापासून? कायद्याखाली काम करणाऱ्यावर कोणी दावा लावू नये, एवढेच. रोग्याला उचलणाऱ्या हातांना रोगापासून कसे वाचवायचे, याविषयी एक अक्षर नव्हते. त्याच साली सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवले. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. घालावाच. पण त्या मरणातून शिकायचे ते फक्त ‘केवढा थोर त्याग’ एवढेच का? उचलणाऱ्याला लागण होऊ नये याची तजवीज कोणी करायची, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

त्यानंतर सव्वाशे वर्षे होत आली तरी काय फरक पडला? १० मार्च २०२० रोजी आपल्या शेजारच्या कलबुर्गीतील ७६ वर्षांचे एक गृहस्थ वारले. दोन दिवसांनी अहवाल आला, कोरोना. भारतात नोंदलेला हा कोरोनाचा पहिला मृत्यू. १७ मार्चला कळले की त्यांना घरी जाऊन तपासणाऱ्या डॉक्टरांनाच लागण झाली आहे. पाच दिवसांनी, २२ मार्चला, देशभर थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हवाई दलाने दवाखान्यांवर फुले उधळली. आणि जुलैत कर्नाटकातल्या सुमारे ४२ हजार आशाताईंना संपावर जावे लागले. मागणे काय होते? महिना १२ हजार रुपये आणि अंगावर घालायला संरक्षणाची साधने! २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. कागदावर मात्र त्या अजून ‘स्वयंसेविका’च. स्वयंसेविका म्हटले की कामगाराचे हक्क आपोआप गळून पडतात. शब्दाची करामत ती हीच.

कोणी म्हणेल, कायदे झाले की! झाले. कर्नाटकाने २००९ साली दवाखान्यातल्या मारहाणीविरुद्ध कायदा केला. २०२० साली त्या जुन्या साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन हल्लेखोराला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. चांगलेच झाले. पण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९७३ साली अरुणा शानबाग या परिचारिकेवर जो अत्याचार झाला, त्यानंतर ती ४२ वर्षे अंथरुणाला खिळून राहिली. ती आपल्याच कर्नाटकातल्या हळदीपूरची. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात एका तरुण डॉक्टरचा रुग्णालयातच बळी गेला. शिक्षा गुन्ह्यानंतर येते. बंद होणारे दार, उजेड असलेला जिना आणि रात्रपाळीची सुरक्षित खोली गुन्ह्याच्या आधी लागते.

शिवाय दवाखान्यातला सगळ्यात गुपचूप वैरी माणूस नव्हेच. तो म्हणजे वापरलेली सुई. कावीळ ‘ब’ असलेल्या रोग्याची सुई टोचली तर लस न घेतलेल्यांपैकी शंभरात तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. एच.आय.व्ही.ची शक्यता हजारात तीन. कावीळ ‘ब’ची लस आहे, तीन डोस पुरतात. एच.आय.व्ही.साठी ७२ तासांच्या आत औषध सुरू करता येते. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम स्पष्ट सांगतात की सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाव्यात, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ‘व इतरांना’, म्हणजे हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांनाच, कावीळ ‘ब’ व धनुर्वाताची लस द्यावी. व्याकरण शिकवणारा माणूस म्हणून मी त्या ‘व इतरांना’वर बोट ठेवतो. कचऱ्याची पिशवी उचलणारी ठेकेदाराची बाई त्या ‘इतरां’त येते. सुई तिलाही टोचते, आणि लसीच्या यादीत नाव नसते ते मात्र तिचेच.

‘सरकारकडे पैसा कुठे आहे?’ हा नेहमीचा सवाल. सत्काराच्या शाली, नारळ, हार आणि मंडप यांना पैसा असतो; मग डबा, लस आणि हातमोजे यांनाच का नसावा?

आमच्या जनवाड्याच्या आसपासच्या गावांतून दहावी-बारावी होऊन मुली नर्सिंगला जातात. आईबाप विचारतात, नोकरी लागेल का? यापुढे आणखी एक विचारा: जिथे लागेल तिथे ती सुरक्षित राहील का? आणि आपल्या गावच्या आरोग्य रक्षा समितीच्या बैठकीत तीन प्रश्न टाका. पांढरा डबा आहे का? झाडणाऱ्या बाईचा लसीचा तिसरा डोस झाला का? सुई टोचली तर नोंद कुठे होते आणि औषध रात्री कोण देते? याची उत्तरे लेखी मागा. उत्तर मिळेपर्यंत त्या दवाखान्यात सत्काराचा कार्यक्रम ठेवू नका.