डब्याची चाचणी होते, पडद्याची का नाही?



संघटनेच्या कामानिमित्त आमचे लखनऊला जाणे झाले. बैठक आटोपल्यावर एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला आम्ही अमौसीला गेलो. अमौसी हे लखनऊ-कानपूर मार्गावरचे लहान स्टेशन. जवळच विमानतळ आहे आणि नादरगंजची औद्योगिक वसाहतही. परतीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो असता शेजारच्या बाकावरून मराठी बोलणे कानावर आले. चौकशी केली, तर गृहस्थ विट्याकडचे निघाले. खानापूर-आटपाडी भागातील गलाईचे कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत, त्यांपैकीच हे एक. आईला घेऊन गावी जायचे होते आणि मोबाइलवरून तिकीट काढण्याचा त्यांचा तिसरा प्रयत्न चालला होता.

"पैसं कटलं, तिकीट काय आलं न्हाय. आता ह्ये परत येत्यात का बुडालं, कुठं बगायचं?" त्यांनी आम्हाला विचारले.

पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. व्यवहार पूर्ण झाला नाही, पुन्हा प्रयत्न करा, एवढाच त्यांचा अर्थ. पैसे आपोआप परत येतील की अर्ज करावा लागेल, किती दिवस थांबायचे, कोणाला विचारायचे, यातले काही नाही. ती वेबसाइट कोणाची, हे आम्ही लिहीत नाही. हा दोष कोणा एकाचा नाही. आम्हाला खटकले ते दुसरेच. सोन्याचा कस अचूक सांगणाऱ्या त्या माणसाने शेवटी मान खाली घालून म्हटले, "आमी अडाणी मान्सं." चूक पडद्याची आणि लाज वाटली प्रवाशाला! याच गोष्टीवर चार शब्द लिहावेत म्हणून हा लेख.

थोडा मागचा इतिहास पाहू. दिल्लीत १९८५ साली संगणकीय आरक्षण सुरू झाले. त्या दशकात संगणकाला कामगार चळवळीतून विरोध झाला, नोकऱ्या जातील ही भीती होती. ती अगदीच निराधार नव्हती. परंतु रजिस्टरातल्या खाडाखोडीपेक्षा संगणक प्रवाशाला बरा ठरला, हेही आपण मान्य केले पाहिजे. पुढे १९९९ मध्ये आयआरसीटीसी स्थापन झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये तिने वेबसाइटवरून तिकीटविक्री सुरू केली. आरंभी तिकीट कुरिअरने घरी येई. आज आरक्षित तिकिटांपैकी दहात आठांहून अधिक तिकिटे ऑनलाइन निघतात. म्हणजे रेल्वेची सर्वात मोठी खिडकी आता ना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आहे, ना चारबागला. ती प्रवाशाच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे.

या खिडकीची ताकद वाढवण्याचे काम झाले, हे नाकारता येत नाही. २०१४ साली मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेली गेली. २०१८ मध्ये प्रतीक्षा यादीतले तिकीट पक्के होण्याचा अंदाज दाखवण्याची सोय आली. २०२० संपता संपता वेबसाइटचे रूप पुन्हा बदलले. जून २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी नव्या आरक्षण व्यवस्थेची घोषणा केली. मिनिटाला ३२,००० तिकिटांवरून दीड लाखाच्या वर मजल मारायची, आणि ती व्यवस्था अनेक भाषांत, वापरायला सोपी करायची, असे तिचे उद्दिष्ट सांगितले गेले. आम्ही या घोषणेचे स्वागत करतो. परंतु मिनिटाला किती तिकिटे निघाली, हे यंत्राचे मोजमाप झाले. ज्याला तिकीट हवे होते त्याला ते स्वतःच्या हाताने काढता आले की नाही, हे कोण मोजणार?

अमौसीहून लखनऊकडे येताना मधले स्टेशन लागते मानकनगर. तिथे आपली आरडीएसओ आहे, १९५७ साली स्थापन झालेली. नव्या बनावटीचा डबा असा थेट प्रवाशांच्या सेवेत येत नाही, हे आपल्या कॅरेज-वॅगनच्या बंधूंना सांगायला नको. त्याला उपकरणे लावतात, रिकामा चालवतात, भार टाकून चालवतात, वेग वाढवत नेतात, हेलकावे मोजतात. मग कागद रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जातात. डब्याला एवढी परीक्षा, मग कोट्यवधी लोक ज्या पडद्यातून गाडीत चढतात त्या पडद्याला परीक्षा कोणती? यंत्र किती भार सोसते, याची परीक्षा तज्ज्ञ घेत असतील. आम्ही विचारतो ती प्रवाशाच्या बाजूची परीक्षा.

ही परीक्षा अवघड नाही आणि महागही नाही. या विषयातले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहून ठेवले आहे की, पाच सामान्य माणसे बसवली तरी वेबसाइटचे बहुतेक दोष उघडे पडतात. पद्धत साधी आहे. माणसाला एक काम द्यायचे : "कल्याणहून लखनऊचे दोन माणसांचे तिकीट काढा, त्यात एक ज्येष्ठ नागरिक." मग शेजारी गप्प बसायचे. मदत करायची नाही. तो कुठे थांबला, कुठे मागे गेला, कुठला शब्द त्याला कळला नाही, ते लिहून घ्यायचे. दोष दुरुस्त करायचे आणि नवी पाच माणसे बसवायची. मात्र ती पाच माणसे कार्यालयातली नकोत. एक भाजीवाली असावी, एक नाक्यावरचा मजूर, एक पेन्शनर, एक दृष्टिहीन प्रवासी आणि एक पहिल्यांदाच मोबाइल हाती घेतलेली गृहिणी.

अशी परीक्षा झाली तर काय सापडेल, हे आपल्या बुकिंग क्लार्कला आजच ठाऊक आहे. 'जीएनडब्ल्यूएल', 'आरएलडब्ल्यूएल', 'पीक्यूडब्ल्यूएल' ही अक्षरे घ्या. पहिली सर्वसाधारण प्रतीक्षा यादी. तिच्यातले तिकीट पक्के होण्याची आशा अधिक. बाकीच्या दोन मधल्या स्टेशनांच्या वा सामायिक कोट्याच्या; आशा कमी. खिडकीवरचा अनुभवी क्लार्क सांगतो, "बाबा, हे होणार नाही, दुसरी गाडी बघा." पडदा अंदाज दाखवतो, पण त्या अक्षरांचा अर्थ सांगत नाही.

दुसरे उदाहरण. चार्ट लागल्यावरही ई-तिकीट प्रतीक्षा यादीतच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि पैसे परत जातात. त्या तिकिटावर प्रवास करता येत नाही. ही गोष्ट तिकीट काढतानाच मोठ्या अक्षरांत सांगितली नाही, तर ती रात्री दोन वाजता टीटीईला सांगावी लागते, कुटुंबकबिल्यासह उभ्या असलेल्या प्रवाशाला. भांडण होते ते टीटीईशी. पडद्याची गचांडी कोणी धरत नाही, बंधूंनो, धरली जाते ती आपली.

तत्काळचे पाहा. वातानुकूलित वर्गाची विक्री सकाळी दहाला सुरू होते, बाकीच्यांची अकराला. दलालांना आवर घालण्यासाठी जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची अट आणि ओटीपी आला. पहिली तीस मिनिटे एजंटांना मज्जाव केला. हेतू योग्य आहे. पण दारावर कुलूप वाढवताना घरच्या माणसाला किल्ली सापडते का, हेही पाहावे लागते. ज्याचा मोबाइल नंबर बदलला आहे, ज्याचे बोट सावकाश चालते, तो अकरा वाजून दोन मिनिटांनी बाहेरच उभा असतो.

आता आपल्याच मंडळींचा एक आक्षेप. एक सहकारी आम्हाला म्हणाले, "साहेब, वेबसाइट सोपी करा असे आपणच सांगायचे? ती जितकी सोपी, तितक्या आपल्या खिडक्या बंद." हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खिडक्या कमी झाल्या आहेत, जागा रिकाम्या राहिल्या आहेत, हे आपण भोगतो आहोत. तरीही आमचे उत्तर स्पष्ट आहे. वेबसाइट अवघड राहिली म्हणून प्रवासी खिडकीवर परत येत नाही. तो कोपऱ्यावरच्या दलालाकडे जातो आणि वरचे पैसे मोजतो. अवघडपणावर आपली नोकरी टिकेल, असे मानणे म्हणजे प्रवाशाच्या त्रासावर आपली चूल पेटवणे. ते कामगार चळवळीला शोभत नाही. खिडकीची मागणी आपण वेगळ्या आणि भक्कम पायावर करू : पडदा कितीही सोपा झाला, तरी काहींना माणूसच लागतो.

या सेवेसाठी प्रवासी पैसेही मोजतो. सप्टेंबर २०१९ पासून ई-तिकिटावर सुविधा शुल्क पुन्हा लागू झाले : विनावातानुकूलित वर्गाला १५ रुपये, वातानुकूलितला ३० रुपये, यूपीआयने भरल्यास १० आणि २० रुपये, वर जीएसटी. पैसे सुविधेचे घेतले, तर सुविधा द्यावी लागेल. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो, असा निर्वाळा दिला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींचे होते. ओळख पटवताना पडदा त्यांना जे करायला सांगत होता, ते त्यांना करता येत नव्हते.

टपाल खात्यातील बंधू-भगिनींनाही हे परके नाही. ग्राहक मोबाइल पुढे करून विचारतो, "आयटम बॅग्ड म्हणजे काय हो? माझे पार्सल कुठे आहे?" पिशवीत भरले, एवढे दोन शब्द त्याच्या भाषेत लिहिले असते तर तो काउंटरवर आलाच नसता. खरे तर या बाबतीत टपाल खात्याने देशाला धडा दिला आहे. गावांची सारखी नावे, नाना लिप्या, चुकलेले पत्ते यांनी सॉर्टर हैराण होत. त्यावर खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकड्यांचा पिनकोड आणला, १५ ऑगस्ट १९७२ रोजी. २२६ म्हटले की लखनऊ. मग पत्ता कुठल्याही लिपीत असो. टपालाचे काम करणाऱ्याची अडचण ओळखून केलेली ती सुधारणा पन्नास वर्षांनंतरही चालते आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१) रेल्वे व टपालाच्या वेबसाइट आणि ॲपमध्ये कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी सामान्य ग्राहकांना बसवून चाचणी घ्यावी आणि तिचा अहवाल जाहीर करावा.

२) या चाचणीच्या समितीवर बुकिंग क्लार्क, टीटीई आणि टपाल काउंटरवरचे कर्मचारी असावेत.

३) मराठीसह सर्व प्रमुख भाषांत पूर्ण व्यवहार व्हावा, नुसते पहिले पान भाषांतरित करून भागणार नाही.

४) पैसे कापले आणि तिकीट आले नाही, तर ते किती दिवसांत, कसे परत येतील, हे त्याच पडद्यावर लिहावे.

५) प्रत्येक महत्त्वाच्या स्टेशनावर व टपाल कार्यालयात माणसाची खिडकी कायम ठेवावी आणि रिकाम्या जागा भराव्यात.

या मागण्या पुढे नेण्यासाठी प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. ग्राहक कुठे अडला, कुठला शब्द त्याला कळला नाही, ते तारखेसह रोज लिहावे. तीन महिन्यांत हाती येईल तो अहवाल कोणतीही महागडी कंपनी देऊ शकणार नाही.

अमौसीच्या त्या गृहस्थांना आम्ही मोबाइलवर तिकीट काढून दिले नाही, कारण आम्हालाही ते नीट जमत नाही. त्यांना घेऊन आम्ही लखनऊच्या आरक्षण खिडकीवर गेलो. तिथल्या भगिनीने तारीख विचारली, आईचे वय विचारले, आणि खालचा बर्थ हवा का, हे आपणहून विचारले. पडद्याला शिकवायचे आहे ते एवढेच.

कामगार एकजुटीचा विजय असो!