गर्भसंस्कारांच्या क्लासला उंदरांची साक्ष

गर्भसंस्कारांच्या जाहिरातींत आता ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द घुसलाय. परवा मलाही एक मेसेज आला: आई घाबरली की भीती बाळाच्या जनुकांत उतरते, उंदरांवर सिद्ध झालंय. खाली क्लासची फी.

मंडळी, उंदरांचा प्रयोग खरा आहे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले ब्रायन डायस आणि केरी रेसलर यांचा, २०१४ मध्ये छापून आलेला. नर उंदरांना ॲसिटोफेनोन नावाच्या रसायनाचा वास द्यायचा आणि सोबत पायाला विजेचा हलका झटका. तीन दिवसांत त्यांना त्या वासाची धास्ती बसली. पुढे त्यांना पिल्लं झाली. त्या पिल्लांनी, आणि नातवंडांनीही, तो वास कधी घेतलेला नव्हता. तरी तो वास सोडून आवाज केला की ती इतरांपेक्षा जास्त दचकायची. बापाच्या शुक्राणूंत, तो वास ओळखणाऱ्या जनुकावरच्या मिथाइलच्या खुणा कमी झालेल्या दिसल्या. जनुक तेच, फक्त ते किती चालू आणि किती बंद ठेवायचं हे ठरवणाऱ्या खुणा बदलल्या.

आता गंमत बघा. मुख्य पुरावा बापाच्या शुक्राणूंचा, आणि क्लासला बोलावणं सूनबाईला!

त्या प्रयोगाच्या आकडेवारीवर शास्त्रज्ञांनीच शंका घेतल्या, ते सोडा. पण २०१९ मध्ये डायस यांच्याच गटाने पुढचं काम छापलं. घाबरलेल्या नरांना तोच वास पुन्हा पुन्हा दिला, झटका न देता. त्यांची भीती गेली, आणि नंतर झालेल्या पिल्लांत ती जादा संवेदनशीलता दिसली नाही. हे जाहिरातीत नसतं. खुणा पुसता येतात म्हटल्यावर घाबरून फी कोण भरणार?

आईबद्दलचा एक प्रयोग मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. तो रॅटवरचा, म्हणजे मोठ्या उंदरांवरचा. अलाबामा विद्यापीठात टानिया रॉथ आणि डेव्हिड स्वेट यांनी २००९ मध्ये केलेला. नुकत्याच व्यालेल्या मादीला अनोळखी जागेत ठेवलं आणि घरट्याला पुरेसं सामान दिलं नाही. ती पिल्लांना तुडवायला, कसंही ओढायला लागली. त्या पिल्लांच्या मेंदूत बीडीएनएफ या जनुकावर मिथाइलच्या खुणा वाढल्या आणि मोठेपणीही टिकल्या.

आई वाईट नव्हती हो, पिंजरा वाईट होता.

म्हणून मला राग येतो. सरकार, कारखाने, सासर सगळे बाजूला, आणि बाईला सांगायचं की तू मन प्रसन्न ठेव. आपल्याकडे बीडच्या बाया पोटुशा असताना ऊस तोडतात, पाचटाच्या कोपीत बाळंत होतात, महिन्याभरात पुन्हा फडावर. त्यांनी कुठला मंत्र ऐकायचा? कायद्यात २६ आठवड्यांची बाळंतपणाची भरपगारी रजा आहे, पण मुकादमाच्या उचलीवर राबणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही.

आणि हो, उद्या कुणी म्हणालं की या बायांची पोरं जनुकांतच बिघडलेली, तर त्यालाही तिथेच थांबवा. पिंजऱ्यातल्या उंदरावरून माणसाच्या पोराचं भविष्य सांगणं ही क्लासवाल्यांचीच लबाडी.

विचारायचंच तर साखर कारखान्यांच्या संचालकांना विचारा, गाळप सुरू व्हायच्या आधी किती फडांवर पाळणाघर उघडताय?