भरून मोकळं व्हायचं की लढायचं?

2025 च्या होळीला आजोळी, अड्याळला गेलो होतो. जेवणं झाली आणि मामा एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. "तू कम्प्युटरवाला आहेस न, हे जरा पाहून दे बरं." मला वाटलं प्रिंटरचं बिल असेल (इंजिनिअर भाच्याची गावातली किंमत तेवढीच!). निघाली जीएसटीची ऑर्डर. कर 2,40,000, त्यावर सात वर्षांचं 18 टक्क्यांनी व्याज 3,02,400, दंड 24,000. एकूण 5,66,400 रुपये. पुरणपोळी तिथेच घशात अडकली.

मामा छोटे सरकारी ठेकेदार. नाल्या, पांदण रस्ते, कधी एखादा सिमेंट रस्ता. भानगड अशाच 20 लाखांच्या एका रस्त्याची होती. टेंडर भरलं 2017 च्या सुरुवातीला, व्हॅटच्या जमान्यात. तेव्हा काम देणारं ऑफिस बिलातूनच कर कापून घ्यायचं, ठेकेदाराला फारसं डोकं लावावं लागत नसे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. मामांचं बिल निघालं त्या दिवाळीनंतर. रस्त्यांच्या कामावर तोवर 12 टक्के दर लागला होता, पण बिलातून जीएसटीचा टीडीएस कापायला सुरुवात झाली 1 ऑक्टोबर 2018 पासून! मधल्या सव्वा वर्षात कोणीच कापत नव्हतं. इन्कम टॅक्सचा टीडीएस मात्र कापला गेला. मामा समजले, झाला कर भरून. पुढे इन्कम टॅक्सकडचा आकडा आणि जीएसटी रिटर्नचा आकडा जुळेना आणि 2023 मध्ये नोटीस आली. तीही पोर्टलच्या कुठल्याशा कोपऱ्यात.

"मी चोरी केली काय? टेंडर भरलं तेव्हा हा कर होता कुठी? मंग आता व्याज कायचं मांगते?" मामांचा प्रश्न.

कायद्याच्या भाषेत याला पूर्वलक्षी कर म्हणत नाहीत, हे मान्य. पण ज्याने जुन्या दराने हिशोब करून काम घेतलं, त्याच्यासाठी फरक काय? आमच्या धंद्यात सिस्टिम बदलली की जुन्या डेटाचं काय करायचं हे आधी ठरवतात. नाही ठरवलं तर रात्री दोनला फोन वाजतो. इथे फोन सहा वर्षांनी वाजला.

मामांच्या अकाउंटंटने कराच्या 10 टक्के भरून वेळेत अपील टाकलं होतं. मग आली अभय योजना. 2024 च्या बजेटमध्ये जीएसटी कायद्यात कलम 128अ घातलं. 2017-18 ते 2019-20 या तीन वर्षांच्या, फसवणुकीचा आरोप नसलेल्या मागण्यांसाठी 31 मार्च 2025 पर्यंत मूळ कर भरा, व्याज आणि दंड माफ. अट एकच, अपील मागे घ्यायचं.

मी वहीत मांडलं. सेटल केलं तर 2,40,000. लढून हरलो तर 5,66,400, शिवाय दर महिन्याला साधारण 3,600 रुपये व्याज वाढतंय. म्हणजे जिंकायची शक्यता 58 टक्क्यांच्या वर असेल तरच लढणं परवडतं, आणि यात वकिलाची फी धरलेलीच नाही. कामाला 12 टक्के लागू होते हे तर स्पष्टच. मामांकडे मुद्दा होता न्यायाचा, कागदाचा नव्हता. मी म्हटलं, भरून टाका.

मामा बराच वेळ गप्प होते.

आता माझं मत. अशा योजना वाईट नाहीत. पण त्या "तू बरोबर की चूक" असं विचारत नाहीत, "तुझ्यात थांबायची ताकद किती" एवढंच विचारतात. व्होडाफोनचं उदाहरण घ्या. जानेवारी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले, लगेच बजेटमध्ये पूर्वलक्षी दुरुस्ती करून कर परत मानगुटीवर. ते लढत राहिले. सप्टेंबर 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात जिंकले आणि ऑगस्ट 2021 मध्ये सरकारने ती तरतूदच मागे घेतली. नऊ वर्षं थांबता येणाऱ्याला न्याय मिळाला. अड्याळच्या ठेकेदाराला नऊ महिने थांबणंसुद्धा जड जातं.

आणि ज्यांनी घाबरून आधीच व्याज-दंड भरला, त्यांना या योजनेत परतावा नाही. म्हणजे लवकर भरणाराच मूर्ख ठरला. पुढच्या वेळी तो लवकर भरेल?

म्हणून ज्यांच्यासमोर असा कागद येईल त्यांना माझं सांगणं एवढंच. चूक आपली असेल किंवा कागद हातात नसतील तर योजनेची वाट न बघता मूळ कर भरून टाका, व्याज तिथेच थांबतं. पण दरच वादाचा असेल तर घाईने सही करू नका. खनिजाच्या रॉयल्टीवरच्या जीएसटीचंच बघा. जुलै 2017 ते डिसेंबर 2018 या काळातला दर 18 टक्केच होता, हे खुलासा करणारं परिपत्रक निघालं ऑक्टोबर 2021 मध्ये. अशा ठिकाणी चार ठेकेदारांनी मिळून एक वकील करावा. एकट्याने लढू नये आणि एकट्याने हरूही नये.

सरकारकडून एकच अपेक्षा. टेंडरमध्ये साफ लिहा की मध्येच कर बदलला तर फरक कोणी सोसायचा. आणि 18 टक्के व्याज घ्यायचं तर द्यायचंही. 2025 मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभर ठेकेदारांना आंदोलनं करावी लागली, हे आपण पेपरात वाचलंच.

असो. मामांनी 28 मार्चला पैसे भरले, त्यासाठी सिमेंटचं मिक्सर मशीन विकलं. सल्ला माझा होता, आणि आजही मला तो हिशोबाने बरोबरच वाटतो. पण नंतर फोनवर मी विचारलं, "मामा, तुमचं ते नालीचं बिल निघालं का?" 1,80,000 चं, वर्ष होऊन गेलेलं. म्हणाले, "नाही गा. त्याचं व्याज कोनाले मांगू, सांग."

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.