चौक बाईचा, नाव कोणाचं?

मागे लोणखेड्यात महिला मेळाव्याची पत्रकं छापायची होती. छापखान्यातल्या भाऊंनी मजकूर वाचला आणि म्हणाले, "आदिवासी बायकांचा मेळावा ना? मग वारली टाकतो." आम्हीही "टाका" म्हणून मोकळ्या झालो. मेळाव्यात एका भिल्ल मावशींनी पत्रक निरखून विचारलं, "ताई, ही माणसं कुठली?" मी म्हटलं, "डहाणूकडची, वारली लोकांची." त्यांनी लगेच विचारलं, "मग काढणारीला काय दिलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि मावशी "काढणारी" म्हणाल्या होत्या, "काढणारा" नाही. नकळत त्या मूळ प्रश्नाला भिडल्या होत्या.

वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर गेरूचा हात फिरवून, तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी असते. हा चौक लिहायचा तो सवाष्णींनी. लग्नाचे विधी गाण्यांतून चालवणारी धवलेरीही बाईच. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे या भिंतीवर बाईचा नुसता हात नव्हता, अधिकार होता. त्याला मर्यादाही होतीच. 'सवाष्ण' या शब्दातच विधवेला दाराबाहेर ठेवलेलं आहे. तेव्हा परंपरेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण हा अधिकार पुढे कुठे गेला, हे विचारायला हवं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची कला कागदावर आणली. विधीच्या चौकटीबाहेर काढून तिच्यात मासेमारी, शेती, नाच, रोजचं जगणं भरलं. ते मोठे कलावंत होते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. पण त्यांच्या मागोमाग गाजलेली नावंही बहुतेक पुरुषांचीच आहेत. भिंत बाईची होती, कागद पुरुषाचा झाला.

हे अटळ होतं का? नव्हतं. हेच कुलकर्णी त्याआधी, १९६०च्या दशकातल्या दुष्काळात, बिहारमध्ये मिथिलेत कागद घेऊन गेले होते. तिथे बायकांची नावं पुढे आली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवी आणि गंगा देवींनाही. आमच्या सातपुड्याच्या पलीकडे झाबुआची भुरीबाई बघा. भिल्लांमध्ये पिठोरा लिहिणारा लखारा पुरुषच, पिठोराचे घोडे बाईने काढायचे नाहीत. भोपाळमध्ये भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भुरीबाईला चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी चित्रं काढायला सांगितली. तिने घोडे बाजूला ठेवून झाडं, जनावरं, आपलं गाव रंगवलं. २०२१ साली तिलाही पद्मश्री मिळाली. म्हणजे परंपरेने दिलेला हक्क बाजारात जाऊ शकतो आणि परंपरेने नाकारलेली वाट उघडूही शकते. प्रश्न एवढाच, की कागद कोणाच्या हातात दिला जातो, प्रदर्शनासाठी मुंबई-दिल्लीला जायची मुभा कोणाला असते आणि मागे चूल, गुरं, लेकरं कोण बघतं.

यावर कोणी म्हणेल, आदिवासी कला सामूहिक असते, तिथे नावाचा हट्ट कशाला? मला न्यूझीलंडच्या माओरी बायकांकडून याचं उत्तर मिळतं. त्यांच्याकडे लाकडावरचं कोरीवकाम मुख्यतः पुरुषांचं, विणकाम बायकांचं. गोऱ्या लोकांच्या संग्रहालयांनी कोरीवकामाला कला म्हटलं आणि विणलेल्या चटईला हस्तव्यवसाय. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. २०१२ साली चार माओरी बायकांनी 'माताआहो' नावाचा गट केला. चौघी मिळून ठरवतात, मिळून राबतात आणि एकाच नावाने काम मांडतात. २०२४ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात त्यांच्या 'टाकापाऊ' या कामाला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. टाकापाऊ म्हणजे बाळंतपणासारख्या प्रसंगी अंथरायची बारीक विणीची चटई. ती त्यांनी मालवाहतुकीत सामान बांधायच्या चमकत्या पट्ट्यांतून प्रचंड आकारात विणली आणि डोक्यावर ताणली. आज्यांची वीण आणि कष्टकऱ्यांच्या रोजच्या वापरातला पट्टा, दोन्ही एकाच कामात आलं.

सामूहिक म्हणजे निनावी नव्हे, हे त्या चौघींनी दाखवून दिलं. आपल्याकडे मात्र 'सामूहिक' हा शब्द बाईचं नाव आणि तिची मजुरी गिळायला सोयीचा पडतो. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. समाजाच्या नावाला संरक्षण मिळालं, हे चांगलंच झालं. पण समाजाच्या आत कोणाच्या हाती पैसा पडतो, हे तो कागद सांगत नाही. ते विचारायचं काम आपलं आहे.

आणि सुरुवात आपल्याच घरापासून करू या. आपल्या संघटनांची पत्रकं, पिशव्या, दिनदर्शिका, शिबिरांचे फलक वारली आकृत्यांनी भरलेले असतात. त्यातली किती चित्रं आपण एखाद्या बाईकडून काढून घेतली? किती ठिकाणी तिचं नाव छापलं? श्रमाचं मोल मागणाऱ्या आपणच फुकटचं चित्र उचलतो.

आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. चित्र वापरायचं तर काढणारीला पैसे द्यायचे. नाव छापायचं, गट असेल तर गटाचं. आणि नंदुरबारच्या मेळाव्याला डहाणूची आकृती चिकटवायची नाही. इथल्या भिल्ल, पावरा बायका काय रेखाटतात, काय विणतात, ते आधी त्यांनाच विचारायचं. १९७२ नंतर याच शहादा परिसरात आदिवासी बायकांनी दारूचे मडके फोडले होते. त्यांच्या लेकी-नातींना स्वतःचं चित्र नसेल, असं आपण गृहीत का धरावं?

पुढच्या पत्रकाचा कोरा कागद आम्ही त्या मावशींकडे नेणार आहोत. पैसे किती, ते त्याच सांगतील.